काठोकाठ

आम्हा किरगिझांत पाहुण्याला चहा अर्धा प्यालाच द्यायचा, म्हणजे तो पुन्हा मागतो, रमतो. काठोकाठ भरला की समजावं, आता उठायचं. गावची लोकरगिरणी विकून खाल्लेल्या, परवा मत मागायला आलेल्या जुन्या खासदाराला शेजारच्या जिपारनं काठोकाठ भरून दिला. तो उठून गेला. आज नवा पुढारी आला, मॉस्कोत वाढलेला, गिरणी सुरू करतो म्हणणारा. आपला नवरा मॉस्कोतली मजुरी सोडून परतेल या आशेनं तिनं अर्धा प्याला दिला. त्यानं तो अंगणात जमलेल्या गर्दीला दाखवला. "बघा, चोरांनी तुमचा चहासुद्धा अर्ध्यावर आणला. मला निवडा, काठोकाठ भरतो." रीत ठाऊक असूनही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जिपारनं किटली उचलून प्याला काठोकाठ भरला. भुरके मारत त्यानं तो संपवला. "आणखी घाल, वहिनी." सासू कानाशी पुटपुटली, "जुना चोर होता, पण उठला तरी. हा उठायचा नाही."