बुटांची सक्ती

एकदाही ताल न चुकलेला कल्याण आमच्या जालन्याच्या बँडच्या पहिल्याच परदेशी महोत्सवात गाणे संपल्यावरही ड्रम वाजवत राहिला. प्रेक्षक हसले. पुढचे गाणे आम्हाला वाजवू दिले नाही.

ड्रम परके होते, हे कारण टिकत नव्हते; सकाळच्या सरावात त्याने तेच ड्रम बिनचूक वाजवले होते. फरक एकच होता. सरावात तो नेहमीसारखा अनवाणी होता. कार्यक्रमात आयोजकांनी बुटांची सक्ती केली. अनवाणी वाजवणे ही आम्ही त्याची श्रद्धा समजत होतो. “घाल की रे, देव काय रुसून बसत न्हाई,” असे आमची गायिका प्रियदर्शनी त्याला म्हणालीसुद्धा होती.

परतताना विमानतळावर मी त्याला पाठीमागून हाक मारली. तो वळला नाही. पुन्हा मारली. मग मी समोर जाऊन उभा राहिलो.

“कवापासून ऐकू येत न्हाई तुला?”

माझ्या ओठांवरची नजर न काढता तो म्हणाला, “सांगितलं असतं तं आणलं असतं का मला?”

लोखंडाच्या कारखान्यातील नोकरीत त्याचे दोन्ही कान गेले होते. ताल त्याला स्टेजच्या फळ्यांतून, उघड्या तळपायांनी कळत असे.