बिनवाक्याची आई

"विमान नाही, बर्फ नाही, आणि वर एक बाई शेवटपर्यंत गप्प बसून राहणार!" दिग्दर्शक दिनकररावांनी हातातली संहिता टेबलावर आपटली. "अंतराताई, अमेरिकेचं नाटक आहे म्हणून मी साऱ्या लश्कर भागात सांगून राहिलोय."

"अमेरिकेत लिहिलंय, काका. अमेरिकेबद्दल नाही."

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजमधल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम चालली होती, म्हणजे चालत नव्हती. नाटक साधं होतं. आई कुणाकडे राहणार यावरून दोन बहिणी भांडतात. आई मधोमध खुर्चीत बसलेली असते आणि एक अक्षर बोलत नाही.

अंतरा इथलीच, पण आता शिकागोत राहते आणि नाटकं लिहिते. तिथल्या एका थिएटरने बाहेरून आलेल्या लेखिकांचा महोत्सव केला, तेव्हा हे नाटक निवडलं गेलं. मग सूचना सुरू झाल्या. मेक्सिकोच्या लेखिकेकडे त्यांनी एखादा सण मागितला, कोरियाच्या लेखिकेकडे आजी आणि अंतराकडे लग्न. शिवाय म्हणाले, ही आई काढून टाका, लोकांना वाटेल बाई वाक्यं विसरली. पहिलंच नाटक हातचं जाऊ नये म्हणून अंतराने लग्न घातलं आणि आईला काढलं. टाळ्या भरपूर पडल्या. तिला त्या आपल्या वाटल्या नाहीत. आई ग्वाल्हेरला तरी रंगमंचावर बसेल, म्हणून सुट्टी काढून, स्वतः मराठी करून तिने हे नाटक इथे आणलं होतं.

"लोकांना वाटेल, बाई वाक्यं विसरली," दिनकरराव म्हणाले.

अंतराने कपाळाला हात लावला. "काका, एवढं मात्र तुमचं आणि त्यांचं अगदी जुळतं."

"आपल्या मंडळाची रीत आहे, ताई. स्टेजवर चढला त्याला वाक्य मिळतं. चहावाला झाला तरी मिळतं. घरची माणसं ऐकायला येतात ना! या विजयाबाई आई झाल्यात, त्यांचे जावई भोपाळहून येऊन राहिलेत. ते काय खुर्ची बघतील? द्या दोन-चार डायलॉग. नाहीतर काढा आईला, मी तिथे विमानतळ लावतो."

"सर, एअरपोर्ट मस्त आयडिया है," धाकट्या बहिणीचं काम करणारी स्मृती म्हणाली. "मी ट्रॉली घेऊन एंट्री घेते ना!"

"विमानतळ नाही! ट्रॉली नाही!" अंतराचा आवाज चढला. "तिकडे म्हणतात यात इंडिया कुठाय, इकडे म्हणता अमेरिका कुठाय. अरे, एक म्हातारी बाई बसलीय तुमच्यासमोर, ती कुणालाच का दिसत नाही?"

"दिसायला तिने काही करायला तर हवं!"

"ती बसलीय, तेच करतेय!"

"ऐकता का रे कुणी?" आईचं काम करणाऱ्या विजयाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. पाठांतर नाही एवढ्याचसाठी त्यांनी हे काम घेतलं होतं. "माझं काय ठरलं? राहायचं का जायचं, तेवढं सांगा."

दिनकरराव संहितेची पानं उलटू लागले. अंतराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतका वेळ ती याच बाईसाठी भांडत होती आणि तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"हेच!" दिनकरराव उठून उभे राहिले. "हेच वाक्य द्या आईला! एकदम शेवटी, मग पडदा!"

"शेवटी नाही, मधे," अंतराच्या तोंडून निघूनच गेलं. "आणि त्याला कुणी उत्तर देत नाही."

"असं कसं? पब्लिकला उत्तर लागतं!"

"लागू दे!"

पुन्हा जुंपली. विजयाबाईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून दोघांच्या मधे बसून राहिल्या.