पाचांपैकी सर्वांत उथळ

“पाचांपैकी सर्वांत उथळ. चार अक्षरं,” वर्नाने पेपरातलं इंग्रजी शब्दकोडं मोठ्याने वाचलं. “पहिलं ई, शेवटचंही ई.”

ई □ □ ई

“पाच काय पण? बहिणी? मग तूच,” ग्लेनिस म्हणाली. वर्नाची बहीणच ती. तिने टोस्टरमध्ये पाव सरकवले, खटका खाली दाबला आणि पुन्हा काळा मार्कर उचलला. आल्विनच्या मोज्यांवर नाव घालायचं चाललं होतं. शर्टांच्या कॉलरी झाल्या होत्या. वृद्धाश्रमातल्या धुण्यात कपडे हरवतात म्हणे.

आल्विन टेबलाच्या टोकाला, चाकांच्या खुर्चीत. तोंड खिडकीकडे, सरोवराकडे. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आल्यापासून वर्नाच्या नवऱ्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. दाराशी त्याची बॅग भरून ठेवलेली. तिथली गाडी आता येईलच.

“पाच बोटं? पाच इंद्रियं?”

“इंद्रियं उथळ असतात होय?”

“तुझी आहेत. शेजारच्या रेला विचार.”

“गप गं!” वर्ना हसली. पुसलं. लिहिलं. पुन्हा पुसलं.

ई □ □ ई

“खिडकीची खोली मिळाली ना त्याला?”

“आतली मिळाली. खिडकीसाठी थांबावं लागलं असतं.” वर्नाने पेन्सिलीचं टोक चावलं. “त्याला काय फरक पडतोय? त्या टोस्टरला जेवढं कळतं, तेवढं याला कळतं. याची बोट विकली तेव्हाही असाच बसून होता. चार अक्षरं… छे! नाही सुचत बाई. सोडून देते.”

“ईरी.”

आवाज गंजलेला होता. ग्लेनिसचा नव्हता.

वर्नाच्या हाताने आधी लिहून टाकलं.

ई आर आय ई

बसलं. उत्तर अमेरिकेतली पाच मोठी सरोवरं, आणि त्यांतलं सर्वांत उथळ ते हे ईरी, खिडकीबाहेरचं. आल्विनने जन्मभर याच पाण्यावर फेरीबोट चालवली.

“हा… हा आत्ता बोलला?” ग्लेनिसने विचारलं.



बोट. गिऱ्हाईकाशी घासाघीस याच टेबलावर झाली.

शेजारचा रे. त्याच्याबरोबरची शनिवारची सगळी गंमत काल तिने ग्लेनिसला नकलांसकट सांगितली. इथेच. याची हनुवटी पुसता पुसता.

आतली खोली.

टोस्टर.

“आल्विन,” ती म्हणाली. “तुला… कधीपासून…”

त्याची मान हळूहळू वळली. खिडकीवरून बॅगेवर. बॅगेवरून ग्लेनिसच्या हातातल्या मोज्यावर, ज्यावर त्याचं अर्धंच नाव झालं होतं. मग पेपरावर. ओठ जुळायला फार वेळ लागला. 

“पुढचं,” तो म्हणाला. “वाच.”

बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज झाला. कुणी उठलं नाही.

टोस्टरमधून पाव खट्कन वर उडाले. दोघी किंचाळल्या.

आल्विनची पापणीही हलली नाही.