पांढरं बटण, लाल बटण
“आजी, आजोबांचा व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की बंद करायचा, ते तुमचं तुम्हीच बटण दाबून सांगायचं. आम्ही बोलायचं नाही, आता कायदाच आहे. मशीन अंधांसाठी बोलतं,” असं सांगून सिस्टरनं दार लावून घेतलं.

आत दिनकररावांचा श्वास यंत्रावर फुसफुसत होता. तो चालू ठेवायचा, हे कालिंदीबाईंचं केव्हाच ठरलं होतं.

“डावीकडे पांढरं बटण. उजवीकडे लाल बटण.”

“अगं, पण बटणांवर लिहिलंय काय?”

“डावीकडे पांढरं बटण. उजवीकडे लाल बटण.”

जन्मांध कालिंदीबाईंना रंग ऐकूनच ठाऊक होते. वडील गेले तेव्हा आईचं कपाळ पांढरं झालं, असं बायका म्हणाल्या होत्या. लाल म्हणजे कुंकू.

त्यांनी लाल बटण दाबलं.

फुसफुस थांबली.

“धन्यवाद. दृष्टिहीनांसाठीची ही सेवा आवडली असेल, तर पांढरं बटण दाबा.”