कुणाच्या वजनावर

“गाडी आहे की पाट? एकदा बसलं की उठवत नाही,” साईनाथ बायकोच्या कानाशी कुरकुरला. नंदा हसली नाही. सूरजने, त्यांच्या लेकाने, हौसेने जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली गाडी कळव्याच्या गॅरेजात अलाइनमेंटला लागली होती. महिन्यापूर्वी त्याला ऑफिसात दुसऱ्यांदा फिट आली. डॉक्टर काय म्हणाले ते तिघांनीही ऐकलं होतं, पण तेव्हापासून घरात नव्या रुंद चाकांशिवाय विषय नव्हता.

“एवढी खाली गाडी रिकामी सेट करून चालत नाही,” मेकॅनिक म्हणाला. “रोज जो चालवणार त्याने सीटवर बसा. त्याच्या वजनावर चाकं सरळ करतो.”

सूरज पुढे झाला. साईनाथने मोबाईलमध्ये डोकं खुपसलं.

नंदाने ओढणी खोचली, लेकाच्या आधी दार उघडलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

“आई, काय करतेस? उतर ना, लोक हसतायत.”

“हसू देत. भाऊ, माझ्या वजनावर लावा, लायसन आहे माझ्याकडे.” मग तिने लेकाचा हात धरला. “सूरज, तुला आता गाडी चालवता येणार नाही रे.”