तीन जिवांचं पिक्चर

टीव्हीचा आवाज गेला, तो नेमका नायक पहिल्यांदा तोंडावर आपटला तेव्हा. पडद्याच्या कोपऱ्यात तीन लाल बदाम होते, म्हणजे नायकाचे तीन जीव. त्यातला एक विझला आणि पाठोपाठ टीव्हीचीही वाचा बसली.

"बटण पीळ रे, बटण!" शेजारचा भागोजी मागच्या बाकावरून ओरडला.

सुलेमानने बटण पिळलं, वायर हलवली, टीव्हीच्या डोक्यावर दोन चापट्याही दिल्या. चित्र झकास, आवाज मात्र नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. दुबईहून आणलेला व्हीसीआर त्याने महिनाभर घरोघर मिरवला होता, पण हे नवंकोरं पिक्चर आजच्यासाठी राखून ठेवलं होतं. आज त्याची रजा संपत होती. पाचच्या एसटीने निघायचं आणि त्याआधी मासूमाखालाच्या खुर्शीदला लग्नाचं विचारायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून तर हा खेळ खालाच्याच पडवीत लावला होता.

मायलेकी दोनच महिन्यांपूर्वी आंजर्ल्याहून जयगडला राहायला आल्या होत्या. पोर फार धीट, समोरच्याच्या तोंडावरची नजर काढत नाही, असं बायका पाणवठ्यावर नाकं मुरडून म्हणत. सुलेमान तर त्याच नजरेवर महिनाभर तरंगत होता. "तिच्याशी बोलायचं तर समोर बसून बोल, पाठीमागून नको," असं खालाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. जुन्या वळणाचं घर आहे, असं त्याने समजून घेतलं.

लोक उठून चपला शोधू लागले. तेवढ्यात अगदी पुढे बसलेली खुर्शीद तिच्या त्या चढ्या, एकाच पट्टीतल्या आवाजात म्हणाली, "तो सांगतोय, अजून दोन जीव शिल्लक हायत, एवढ्यात निघालात कुठे?"

सगळे हसले आणि चपला टाकून परत बसले.

मग तिने जे पिक्चर सांगितलं, त्याला तोड नाही. पिक्चरही भन्नाटच होतं. नाणं टाकून खेळायच्या मशिनी दुरुस्त करणारा एक पोरगा अशाच एका मशीनमध्ये ओढला जातो. आत एक देखणी मुलगी आणि तिचे पाच पैलवान भाऊ. पाचही भावांना लोळवलं तरच लग्न. ठोसा बसला की हवेत आकडा उमटायचा, भाऊ पडला की त्याच्या चांदण्या व्हायच्या. खुर्शीद भावांचा राग सांगायची, नायिकेची थट्टा सांगायची, एकही वाक्य सोडत नव्हती. नायक पाठमोरा झाला की तेवढ्यात चहाचा घोट घ्यायची. गाण्याचे शब्दसुद्धा तिने घडाघडा सांगितले. चाल मात्र काही केल्या सांगेना.

सुलेमान टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत राहिला. अशी मुलगी सात गावांत नाही, असं त्याला वाटलं, आणि ते अगदी खरं होतं.

"बाय, तू हे आधी बघितलंस काय?" मागून भागोजीने विचारलं.

खुर्शीदने उत्तर दिलं नाही. सुलेमान मात्र मनातल्या मनात हिशेब करू लागला. कॅसेट दुबईच्या दुकानात आली त्याच दिवशी त्याने घेतली होती. मग हिला ती दाखवली कुणी? इकडचे दहा जण तिकडे नोकरीला होते. त्यातला कोण हिच्यापर्यंत पोचला?

शेवटच्या जिवावर नायकाने पाचवा भाऊ लोळवला आणि मुलीला विचारलं. ती हो म्हणाली, तिन्ही बदाम पुन्हा पेटले, पडवीत टाळ्यांचा कडकडाट झाला. खुर्शीद कप गोळा करून परसात विसळायला गेली.

सुलेमान तिच्या मागे गेला. समोर जाऊन विचारायची छाती होईना. दोन हातांच्या अंतरावर मागेच उभा राहून तो तिच्या पाठीला म्हणाला, "खुर्शीद, माझ्याशी निकाह करशील?"

ती कप विसळत राहिली. एक जीव गेला.

"दुसरा कुणी हाय का?"

तिने कप पालथा घातला, दुसरा घेतला. दुसराही जीव गेला. सुलेमान आल्या पावली परतला आणि बॅग उचलून एसटीत जाऊन बसला.

गाडी रस्त्यापलीकडे धडधडत उभी होती. खिडकीची चौकट गंजून काच घट्ट बसलेली. काचेतून त्याला ती दिसली. पडवीच्या पायरीवर उभी राहून ती नेहमीसारखी टक लावून त्याच्या तोंडाकडेच बघत होती. आता कशाला बघतेस, असं त्याला झालं. शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो पुटपुटला, "सुखी राहा गो बाय. मी आपलं विचारलं होतं, निकाह करशील काय म्हणून."

खुर्शीद पायरीवरून उडी मारून धावत सुटली. गाडीजवळ येऊन तिने काचेवर थाप मारली आणि साऱ्या गावासमोर, कंडक्टरसमोर ओरडली, "कधी विचारलंस? कबूल हाय मला!"

सुलेमान बॅगेसकट खाली उतरला. मागून धापा टाकत मासूमाखाला आली.

"खाला, मघाशी अगदी जवळून विचारलं तेव्हा ही गप्प," तो म्हणाला, "आणि आता एवढ्या लांबून, काचेआडून, हिला ऐकू कसं गेलं?"

खालाने मान खाली घातली.

"ऐकू कुठलं, बाबा. दहा वर्षांची होती, तेव्हाच तापात दोन्ही कान गेले तिचे."