मागच्या खोलीची परवानगी

घरमालकांचा फोन आला तेव्हा शिवणकाम करणाऱ्या बाईंना बरंच वाटलं. "उद्या दुपारी घर बघायला आलो तर चालेल ना?" भाडेकरूला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असं करारातच होतं, आणि हा माणूस नियमाला पक्का. नाही म्हणायचा हक्क बाईंना होता. पण त्यांच्याकडे येतंय तरी कोण? नवरा गेल्यापासून बेल वाजायची ती शिवलेले कपडे न्यायला, आणि माणसं उंबऱ्यावरूनच परत फिरायची.

त्यांनी चहाचे दोन कप काढून ठेवले.

मालकांनी नळ सोडून पाहिला, भिंतीची ओल चाचपली. मागच्या खोलीच्या लोटलेल्या दारापाशी मात्र ते थांबले आणि त्यांनी टकटक केलं.

बाईंना हसू आवरेना. "अहो, उघडा की खुशाल! मी एकटीच असते इथे."

मालकांनी हात मागे घेतला. "राहू दे. त्या नको म्हणतायत."

"कोण त्या?"

"राहणाऱ्यांनी नको म्हटलं की आपण आत जायचं नाही," ते आदबीने म्हणाले, आणि ओतलेला चहा तसाच सोडून निघून गेले.

बाई दारासमोर उभ्या राहिल्या. सकाळीच तर त्यांनी त्या खोलीतला केर काढला होता. इस्त्रीचं टेबल सोडलं तर आत काहीच नव्हतं. त्यांनी दार ढकलायला हात उचलला. मग, का कोण जाणे, स्वतःच्याच घरात त्यांनी हलकेच टकटक केलं.

"गेले का ते?" आतून कोणीतरी मायेने विचारलं. "मग ये ना. दोन्ही कप घेऊन ये."